तुमच्या गावचा तलाव कोणी मोजला आहे काय?



भंडारा जिल्ह्याचा एखादा मोठा नकाशा शाळेत असेल तर तो भिंतीवरून खाली उतरवा आणि जवळून पाहा. वैनगंगेची वळणावळणाची निळी रेघ तुम्हांला लगेच दिसेल. पण तिच्या दोन्ही बाजूंना, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी अशा तालुक्यांत, शाईचा कुंचला झटकल्यावर उडावेत तसे निळे ठिपके विखुरलेले दिसतील. हे ठिपके म्हणजे तलाव. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यामुळेच. आणि गंमत अशी, की यांतला जवळजवळ प्रत्येक ठिपका निसर्गाने नव्हे, माणसाने काढलेला आहे.

आता एक कल्पना करा. उन्हाळ्याचे दिवस आहेत. तुमच्या गावच्या तलावाचे पाणी मागे सरकले आहे आणि कडेची जमीन उघडी पडली आहे. एके सकाळी मुरूम भरलेला ट्रक येतो आणि त्या उघड्या कडेवर रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी आणखी चार येतात. चौकशी केल्यावर कळते, की तेथे दुकानांचे गाळे व्हायचे आहेत, किंवा रस्ता रुंद व्हायचा आहे, किंवा तलावाचे ‘सुशोभीकरण’ होऊन सिमेंटची भिंत आणि फिरायची वाट व्हायची आहे. गावातील काही माणसे चिडतात. ‘तलाव वाचवा’ असा फलक लागतो. मग साहेब येतात आणि अगदी सभ्यपणे विचारतात, “तुमचे नुकसान तरी काय होते आहे? एक एकर चिखल तर आहे!”

या प्रश्नाला गाव काय उत्तर देईल? “आमच्या आजोबांच्या वेळेपासून तलाव आहे”, “आमची श्रद्धा आहे”, “आम्हांला तो आवडतो”. ही उत्तरे खोटी नाहीत. पण ती अपुरी आहेत. आवडत्या जागेचे रक्षण करायचे असेल तर ती जागा नुसती आवडून भागत नाही, ती माहीत असावी लागते. ती मोजलेली असावी लागते. आणि हे काम संकट यायच्या आधी व्हावे लागते. आज मला तुमच्यापुढे एवढेच मांडायचे आहे.

ठिपके कोणी काढले?

भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा मोठा आहे, पण हा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. येथील मुख्य पीक धान. भारी धान तयार व्हायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. म्हणजे लोंबीत दाणा भरण्याच्या ऐन वेळी पाऊस निघून गेलेला असतो. त्या वेळी एक पाणी मिळाले तर पीक हाती येते, नाही तर नुसता पेंढा उरतो. जुन्या लोकांनी यावर उपाय शोधला तो असा, की चढावरून वाहून येणारे पावसाचे पाणी मातीची पाळ घालून अडवायचे आणि ते ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवायचे.

या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. जमिनीचा उतार नजरेने ओळखून पाळ कोठे घालावी, सांडवा कोणत्या बाजूला ठेवावा, हे त्यांना नेमके कळे. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. (नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.) साकोलीजवळचा शिवनीबांध हाही असाच नावाजलेला तलाव. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारांच्या काळातले म्हणून त्यांना आज ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात.

हा काळ सोन्याचा होता असे मात्र समजू नका. पाळ घालताना टोपली डोक्यावर वाहणाऱ्या मजुराला तलावाचा मालक कोणी म्हणत नसे. पाणी कोणाला आधी आणि कोणाला शेवटी, हेही जात आणि जमीन पाहून ठरे. परंतु एक गोष्ट खरी, की तलावाची निगा कोणी तरी राखीत होते. पाळीला उंदराने बीळ केले तर ते पावसाआधी बुजवले जाई. गाळ काढून शेतात टाकला जाई. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली (त्या वेळी भंडारा मध्य प्रदेशात होता) आणि तलाव सरकारच्या ताब्यात गेले. पुढे त्यांतले बरेचसे जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर निगा राखण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र स्पष्ट राहिले नाही. जी वस्तू सर्वांची असते ती पुष्कळदा कोणाचीच नसते, आणि जी कोणाचीच नसते तिच्या कडेवर पहिला ट्रक रिकामा होतो.

ज्याला चिखल म्हणतात ते काय असते?

साहेबांनी ‘चिखल’ म्हटले ती कड आता नीट पाहू या. आपला तलाव आकाराने बशीसारखा नसतो. एका बाजूला उंच पाळ असते व तिच्याजवळ पाणी खोल असते. समोरच्या बाजूला जमीन हळूहळू चढत जाते आणि तेथे पाणी गुडघाभर, घोटाभर, असे उथळ होत जाते. खोल पाण्यात तळापर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून तेथे मुळे रोवून वाढणाऱ्या वनस्पती कमी. उथळ कडेला मात्र सूर्यप्रकाश थेट तळाला भिडतो. तेथे कमळ, शिंगाडा, हायड्रिला, देवधान नावाचा रानटी भात अशा कितीतरी वनस्पती वाढतात. त्यांच्या देठांवर शेवाळाचा पातळ थर चढतो. त्या शेवाळावर किडे आणि गोगलगाई जगतात, किड्यांवर माशांची पिले, आणि पिलांवर बगळे. एका घोटाभर पाण्यात ही सगळी पंगत बसलेली असते.

मरळ मासा याच वनस्पतींच्या आडोशाला घरटे करतो आणि नर-मादी मिळून पिलांची राखण करतात. मागूर आणि शिंगी हे मासे तर पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी वर येऊन हवा घेऊ शकतात. उथळ, तापणाऱ्या पाण्यासाठीच जणू त्यांची घडण झाली आहे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला, की तलावातले काही मासे उलट्या प्रवाहाने चढत धानाच्या बांध्यांमध्ये शिरतात व तेथे अंडी घालतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. आता विचार करा, तलाव आणि बांध्या यांच्यामध्ये सिमेंटची उभी भिंत घातली तर ते चढणार कसे? भिंतीवर दिवे लावले, रंग दिला, बाके ठेवली, तरी माशांच्या दृष्टीने तो दरवाजाच बंद झाला.

आणि सारस! उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया-भंडारा भागातच, आणि तोही अगदी मोजका उरला आहे. तो घरटे करतो धानाच्या बांधीत किंवा दलदलीत, आणि चरतो तलावाच्या उथळ कडेला. गोंदियात निसर्गप्रेमी कार्यकर्ते आणि शेतकरी मिळून त्याच्या घरट्यांची राखण करीत आले आहेत. पण घरटे राखले आणि चरण्याची जागा बुजवली, तर काय उपयोग?

तर मुद्दा असा, की तलावाचा जो भाग सर्वांत निरुपयोगी दिसतो तोच त्याचा सर्वांत जिवंत भाग असतो. आणि उन्हाळ्यात तो कोरडा दिसतो म्हणूनच सर्वांत आधी बळी जातो.

हे ज्ञान कोणाकडे आहे?

तुम्ही म्हणाल, हे सारे शोधायला मोठे शास्त्रज्ञ लागतील. शास्त्रज्ञ हवेतच. परंतु तुमच्या गावात ढिवर समाजाची घरे असतील तर तेथे आधी जा. कोणत्या महिन्यात कोणता मासा अंड्यावर येतो, कोणत्या वनस्पतीखाली तो लपतो, पाण्याचा रंग बदलला तर काय समजावे, हे तेथील आजीला आणि काकांना ठाऊक असते. त्यांनी पदवी घेतलेली नाही, पण पन्नास वर्षे रोज एकच गोष्ट पाहणे आणि लक्षात ठेवणे याला निरीक्षण नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि ढिवरांच्या मासेमार सहकारी संस्था यांनी मिळून जे काम केले ते या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तलावात मासे कमी का झाले, असा प्रश्न घेऊन ते बसले. ढिवरांनी सांगितले, की माशांचे खाद्य असलेल्या वनस्पतीच नाहीशा झाल्या, आणि कडेला बेशरमची झुडपे माजली आहेत. बेशरम हे परदेशातून आलेले झुडूप. जनावर त्याला तोंड लावीत नाही, आणि ते एकदा शिरले की कड व्यापून टाकते. मग लोकांनी बेशरम उपटली. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरला, आणि पाऊस आल्यावर तेथे दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा होता. वनस्पती परतल्या, तसे देशी मासे आणि पक्षीही परतू लागले.

या गोष्टीत मला एक गोष्ट विशेष वाटते. या लोकांनी प्रश्न विचारला, अंदाज बांधला, तो तलावात करून पाहिला आणि परिणाम तपासला. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोगाच्या ज्या पायऱ्या दिल्या आहेत त्या याच नव्हेत काय?

एक एकराचा हिशेब

आता साहेबांच्या प्रश्नाकडे परत येऊ. एक एकर कड बुजवली तर नुकसान किती? पेन्सिल घ्या.

एक एकर म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटर. तलाव भरलेला असताना त्या कडेला सरासरी एक मीटर पाणी असते असे धरा. म्हणजे ४००० घनमीटर पाणी. एका घनमीटरमध्ये १००० लिटर मावतात, तेव्हा हे झाले ४० लाख लिटर. पाण्याचा एक टँकर १०,००० लिटरचा धरला तर ४०० टँकर!

पुढे जा. धानाला एक पाणी देताना बांधीत ५ सेंटिमीटर पाणी उभे केले, तर एका एकराला ४००० गुणिले ०.०५, म्हणजे २०० घनमीटर पाणी लागेल. ४००० ला २०० ने भागा. उत्तर येते २०. म्हणजे वाटेतली गळती सोडून दिली, तर बुजवलेल्या त्या एका एकराने २० एकर धानाचे एक पाणी हिरावून घेतले. आणि हे एकाच वर्षापुरते नाही. दर वर्षी हिरावले जाणार. त्यात विहिरीत झिरपणारे पाणी धरलेले नाही, मासे धरलेले नाहीत, शिंगाडे धरलेले नाहीत, जनावरांचे पाणी धरलेले नाही.

आता ग्रामसभेत “आम्हांला तलाव आवडतो” असे म्हणण्याऐवजी “या कडेवर वीस एकरांचे शेवटचे पाणी अवलंबून आहे, आणि ते वीस एकर या या कुटुंबांचे आहेत” असे कोणी उभे राहून सांगितले, तर चर्चेचा रंग बदलेल की नाही?

अपुरा हिशेब किती महाग पडतो

मोठमोठ्या योजनांतही हिशेब अपुरा राहतो, याचे उदाहरण आपल्याच नदीवर आहे. पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर बांधलेल्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे त्याचे उद्दिष्ट. शेतीला पाणी हवे यात वाद नाही. पण भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे या पाण्याखाली गेली. त्या गावांतील लोकांना योग्य पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. दुसरी गोष्ट पाण्याची. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. वाहत्या नदीत घाण पुढे जाते, पसरते, काही अंशी तिचे विघटन होते. धरणामागे पाणी थबकले, की ती घाणही थबकते. म्हणून जलाशयाच्या पाण्याबद्दल आणि भंडाऱ्याच्या पिण्याच्या पाण्याबद्दल लोकांना पुनःपुन्हा तक्रारी कराव्या लागल्या. हेक्टर मोजले गेले. घरे, आठवणी, मासेमारी आणि पाण्याची शुद्धता यांची मोजदाद मात्र तितक्या काळजीने झाली नाही.

याच वैनगंगेचे पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते. त्या भागात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणे व्हायची होती. १९८० नंतरच्या वर्षांत बाबा आमटे आणि गडचिरोली भागातील आदिवासी यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे केले. ही दोन धरणे झाली नाहीत. तेथील अरण्य आणि त्यातील गावे बुडाली नाहीत.

केरळातील शिक्षकांनी काय केले?

हिशेबाच्या जोरावर जागा वाचवता येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण केरळातील आहे. पालघाट जिल्ह्यात ‘सायलेंट व्हॅली’ म्हणजे ‘शांत दरी’ नावाचे सदाहरित अरण्य आहे. कुंती नदी त्यातून वाहते. सिंहपुच्छ वानर हे दुर्मिळ माकड तेथे राहते. या नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याच्या योजनेला १९७३ साली नियोजन आयोगाने मान्यता दिली होती.

विरोधाला उभे राहिले कोण? केरळ शास्त्र साहित्य परिषद! ही संस्था तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाची मासिके चालवते आणि तिचे कितीतरी कार्यकर्ते शिक्षक. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद हे त्यांत अग्रभागी होते. या लोकांनी “अरण्य सुंदर आहे” एवढ्यावर भागवले नाही. वनस्पतिशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र जाणणारी माणसे एकत्र बसली. धरणाची वीज राज्याच्या गरजेच्या मानाने किती, ती दुसऱ्या मार्गाने मिळवता येईल काय, अरण्य गेले तर काय काय जाईल, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि तो गावोगाव जाऊन मल्याळम भाषेत लोकांना समजावून सांगितला. अखेर १९८३ साली योजना सोडून देण्यात आली आणि १९८४ साली शांत दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.

प्रत्येक वेळी असा विजय मिळतो असे मी तुम्हांला सांगणार नाही. मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत तोड सुरू झाली आणि दोन हजारांवर झाडे पडली. सर्वोच्च न्यायालयाने थांबवले तोपर्यंत बहुतेक काम झाले होते, आणि पुढे कारशेडही तेथेच झाली. मात्र लोक वर्षानुवर्षे बोलत राहिले म्हणून आरेचा बराच मोठा भाग नंतर राखीव वन म्हणून घोषित करावा लागला. तेव्हा हार झाली तरी केलेला अभ्यास वाया जात नाही.

कायद्यातील एक विचित्र फट

तुम्ही विचाराल, तलाव राखायला कायदा नाही काय? आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पण त्यांत पाणथळ जागेची जी व्याख्या दिली आहे तिच्यातून धानाची शेते वगळली आहेत, आणि माणसाने खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलावही वगळले आहेत. आता भंडाऱ्याकडे पाहा! येथे धानाची शेते आणि सिंचनाचे तलाव यांशिवाय दुसरे आहे काय? कमळाला ठाऊक नसते, की आपण ज्या पाण्यात उगवलो ते कोहळ्यांनी सिंचनासाठी अडवले होते. सारसालाही ठाऊक नसते. दोनतीनशे वर्षे झाली, की माणसाने बांधलेले तळेही निसर्गाने आपलेसे केलेले असते. माझे स्पष्ट मत आहे, की ही व्याख्या बदलली पाहिजे. कोणी बांधले यापेक्षा त्यात आज कोण जगते, हे पाहून पाणथळ जागा ठरवली पाहिजे.

तोवर दुसरे आधार आहेत. पंजाबातील एका गावी तळे बुजवून त्यावर घरे बांधली गेली होती. त्या जगपालसिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अतिक्रमण नियमित करायला नकार दिला आणि गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी योजना करा, असे सर्व राज्यांना बजावले. आपल्या विदर्भात तर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही जुनी कागदपत्रे आहेत. गावाचे चराई, लाकूडफाटा, पाणी, मासेमारी यांचे परंपरागत हक्क आणि चालीरीती त्यांत नोंदलेल्या असतात. तुमच्या गावाचे असे कागद कोठे आहेत, हे शिक्षकांबरोबर जाऊन विचारा तरी!

दुसरी बाजूही ऐका

आता काही जण म्हणतील, “मग काय, रस्ते करायचे नाहीत? दवाखाना बांधायचा नाही? जुन्या तळ्याला कवटाळून बसायचे?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पावसाळ्यात आजारी बाईला खाटेवर घालून न्यावे लागणाऱ्या गावाला रस्ता हवाच. रस्ता मागणारा माणूस तलावाचा शत्रू नसतो. पुष्कळदा तो तुमचा मामाच असतो.

परंतु ‘विकास हवा की तलाव’ हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. तलाव हीदेखील एक विकासाची योजनाच आहे. फक्त तिचा खर्च आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी केला आहे. नवे काम करताना जुने चालू काम मोडत असेल, तर दोन्हींचा हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवा. बहुतेक वेळा असे दिसेल, की रस्ता चार-सहा मीटर सरकवता येतो, दवाखान्याला गावठाणात जागा मिळते, फिरायची वाट पाळीच्या बाहेरच्या अंगाने नेता येते. क्वचित असेही दिसेल, की तलावाचा काही भाग द्यावाच लागेल. तसे असेल तर गावाने ते डोळे उघडे ठेवून, काय देतो आहोत हे जाणून द्यावे. न मोजता दिले की ते दान होत नाही, लूट होते.

तलावाची वही

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. या वर्षी वर्गाचा एक प्रकल्प म्हणून ‘तलावाची वही’ सुरू करा. तीत पुढील नोंदी असाव्यात.

तलाठ्याकडील सातबारा आणि गावाचा नकाशा यांवरून तलावाचा गट क्रमांक व क्षेत्र उतरून घ्या. नकाशा आलेखाच्या कागदावर काढून चौकोन मोजा आणि क्षेत्र जुळते का ते पाहा. मग काठाने पावले मोजीत फेरी घाला. नकाशातला तलाव आणि जमिनीवरचा तलाव यांत फरक पडला, तर तो का पडला हे विचारा.

मोरीजवळच्या पायऱ्यांवर किंवा दगडावर रंगाच्या खुणा करून दर रविवारी पाण्याची पातळी लिहा. सांडवा कोणत्या तारखेला वाहू लागला, कधी थांबला, तेही लिहा. तलावापासून शंभर मीटर, पाचशे मीटर अशा अंतरावरील विहिरींत पाणी किती दोरावर आहे ते घरच्या मोठ्या माणसांकडून मोजून घ्या. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा, म्हणजे तलाव आणि विहिरी यांचे नाते डोळ्यांना दिसेल.

पाण्याची खोली मोजायची असेल तर खुणा केलेला बांबू घेऊन ढिवर काकांना डोंग्यातून मोजायला सांगा. तुम्ही स्वतः पाण्यात उतरू नका, गाळ फसवा असतो. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते पाहायचे, हा पाण्याचा गढूळपणा मोजण्याचा सोपा प्रयोग आहे. तोही डोंग्यातूनच करवून घ्या.

मासे, वनस्पती आणि पक्षी यांची गावात चालणारी नावे लिहा. शास्त्रीय नावे मागाहून शोधता येतील. गावातील नावे सांगणारी माणसे मात्र दर वर्षी कमी होत आहेत. सांगणाऱ्या आजीचे नाव नोंदीखाली जरूर लिहा. ज्ञान तिचे आहे.

शेवटी, तलावावर कोणाचे काय अवलंबून आहे याची यादी करा. किती एकर, किती घरे, किती जनावरे, किती जाळी. दर वर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ही वही मोठ्याने वाचा. तुम्हांला अजून मत नाही, पण आकडे वाचायला मताची गरज लागत नाही.

एका वर्षाची वही पाहून कोणी थक्क होणार नाही. पाच वर्षांची वही मात्र गावाला बोलायला शिकवील. आणि दहा वर्षांनी, तुम्ही कॉलेजात किंवा नोकरीवर दूर गेलेले असाल, तेव्हा तुमच्या मागच्या वर्गातील एखादी मुलगी तीच वही उघडून साहेबांना सांगेल, “चिखल नाही साहेब, हे वीस एकरांचे पाणी आहे. या बघा तारखा.”

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांतले सातवे कर्तव्य अरण्ये, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव यांचे रक्षण करण्याचे आहे. त्याच्या लगेच पुढचे, आठवे कर्तव्य आहे वैज्ञानिक दृष्टी आणि चौकसपणा वाढवण्याचे. ही दोन कर्तव्ये शेजारी शेजारी आली हा योगायोग असेल. परंतु भंडाऱ्यातील एखाद्या तलावाच्या पाळीवर वही-पेन्सिल घेऊन उभे राहिलात, तर तुमच्या लक्षात येईल, की तेथे ती दोन नाहीत, एकच आहे.

येत्या रविवारी पहिली नोंद करा.